मुका कोण ?

मुक्यास वाचा फुटावी हा चमत्कार आपल्या किती संतचरित्रांत आणि देवतांच्या माहात्म्यकथांत आला असेल त्याची गणती नाहीं. आंधळ्यास दृष्टि, पांगळ्यास पाय आणि मुक्यास वाचा, हीं दैवी कृपेचीं तीन ठरलेलीं चिन्हें. यांपैकीं तिसरें चिन्ह आतां शस्त्रवैद्याच्या हातीं येत चाललें आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कानांत यंत्र बसवून त्यास ऐकतें करावें, आणि ऐकूं लागल्यावर वाणीच्या उपचारानें बोलतें करावें, ही गोष्ट पुण्यामुंबईपुरती राहिलेली नाहीं. वऱ्हाडांतील शेतकऱ्याच्या घरींही या यंत्राचें नांव पोंचलें आहे. अशा वेळीं शंका काढणारा मनुष्य कृतघ्न ठरावा. परंतु माझी शंका यंत्राविषयीं नाहीं. मुक्यास बोलतें करणें म्हणजे आपण नेमकें काय करतों, आणि तें साधेपर्यंत त्या मुलाचें आपण काय देणें लागतों, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तो वैद्यकाचा नसून नीतीचा आहे.

कांहीं दिवसांपूर्वीं एका नातलगाच्या कानाच्या दुखण्यानिमित्त मला अकोल्यास एका रुग्णालयांत दोन प्रहर काढावे लागले. शेजारच्या बाकावर दर्यापूरकडील एक कुटुंब बसलें होतें: आई, आजी आणि चार वर्षांचा एक तरतरीत मुलगा. मुलास जन्मापासून ऐकूं येत नव्हतें, परंतु तें घरच्यांच्या ध्यानांत यावयास तीन वर्षें लागलीं. कारण विचारतां आजी म्हणाली, "याचा काका बी पाच वर्साचा होयेस्तोर बोलत नोयता. मंग बोललाच ना? म्हनलं, थांबा थोडकसं." इतक्यांत मुलास तहान लागली. त्यानें मूठ मिटून आंगठा ओठांशीं नेला. आजीनें पाण्याची बाटली पुढें केली. व्यवहार पुरा झाला.

थोड्या वेळानें त्यांना आंत बोलावणें आलें. दार उघडेंच होतें. वाणीचे उपचार करणाऱ्या बाईंनीं आईस बजावलें, "ताई, हातानं दाखवायचं नाही. हात मागे घ्या. तोंडानं म्हणा, पाणी." आईनें हात पदराखालीं घेतले आणि म्हणाली, "पानी." "पानी नाही, पाणी," बाई म्हणाल्या. मुलगा एकदां आईच्या तोंडाकडे आणि एकदां तिच्या झांकलेल्या हातांकडे पाहत राहिला.

बाईंच्या सद्धेतूविषयीं मला तिळमात्र संशय नाहीं. हात आवरल्यावांचून जीभ सुटत नाहीं, असें त्यांना शिकविलें गेलें असेल. परंतु त्या चार वाक्यांत दोन समजुती दडलेल्या होत्या: भाषा म्हणजे आवाज, ही एक, आणि आवाज म्हणजे पुस्तकी आवाज, ही दुसरी. या दोहोंचा विचार करावयाचा तर वैद्यकानें काय साधलें आहे तें प्रथम पाहिलें पाहिजे.

आपल्या आंतल्या कानांत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार पोकळी असते. तींत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असून ध्वनीच्या कंपनांचें मज्जातंतूस कळेल अशा विद्युत्संदेशांत रूपांतर करणें हें त्यांचें काम. जन्मतः बहिऱ्या असलेल्या बहुतेक मुलांत मज्जातंतु शाबूत असतो, या पेशी मात्र निकामी असतात. तेव्हां पेशींना वगळून तंतूलाच विजेनें जागवावें, ही कल्पना 1957 साली पॅरिसमध्यें जुर्नो आणि एरिये यांनीं प्रथम आजमावली. 1978 साली मेलबर्न येथें ग्रॅम क्लार्क यांनीं अनेक विद्युदग्रांचें यंत्र एका प्रौढ मनुष्याच्या कानांत बसविलें. आज ज्यास 'कॉक्लिअर इम्प्लान्ट' म्हणतात तें याच यंत्राचें सुधारलेलें रूप. कानामागील भाग आवाज टिपतो व त्याचें पृथक्करण करतो. कातडीखालीं बसविलेला भाग तें शंखांतील वीसबावीस विद्युदग्रांकडे पोंचवितो. हजारों पेशींचें काम वीसबावीस बिंदूंवर आणलें जातें. म्हणून यंत्र सुरू होतांच मुलास भाषा ऐकूं येत नाहीं. ऐकूं येते ती एक अनोळखी खळबळ. तिचा अर्थ लावावयास मेंदूनें शिकावें लागतें. शस्त्रक्रिया कांहीं तासांची. पुढील शिक्षण वर्षांचें.

त्याच 1978 साली लंडन येथें डेव्हिड केम्प यांनीं दाखविलें कीं निरोगी कान केवळ ऐकत नाहीं, तो स्वतः अत्यंत क्षीण ध्वनि बाहेर टाकतो. या शोधाच्या आधारें नवजात बालकाचा कान झोपेंतच कांहीं मिनिटांत तपासतां येतो. हजार बालकांमागें एक ते तीन बालकें जन्मतःच बऱ्याच अंशानें बहिरीं असतात. तीं तीन वर्षांनीं नव्हे, तर पहिल्या महिन्यांतच ओळखतां येतील, एवढी सोय ज्ञानानें करून ठेवली आहे. खर्चाचा प्रश्न मोठा खरा. पण 2014 साली सुधारलेल्या केंद्र सरकारच्या योजनेनें एका यंत्रामागें सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलें, आणि गरिबाच्या मुलासही हें दार किलकिलें झालें.

याहूनही पुढची गोष्ट 2024 साली घडली. 'ओटोफर्लिन' नांवाचें एक प्रथिन नसल्यामुळें कांहीं थोड्या मुलांत केशपेशी जिवंत असूनही तंतूशीं बोलत नाहींत. शांघाय येथील वैद्यांनीं त्या प्रथिनाचें जनुक एका निरुपद्रवी विषाणूच्या द्वारें कानांत सोडलें. त्या वर्षीं जानेवारींत 'लॅन्सेट' या नियतकालिकांत त्यांचा वृत्तांत आला: सहा मुलांपैकीं पांच मुलांना ऐकूं येऊं लागलें. त्याच महिन्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील बालरुग्णालयानेंही असाच उपचार यशस्वी झाल्याचें जाहीर केलें. तो मुलगा मोरोक्को देशांत जन्मलेला, वय अकरा वर्षें. त्यास आवाज ऐकूं येऊं लागले. मात्र या वयांत आरंभ केल्यावर तो कधीं बोलूं शकेल कीं नाहीं, याविषयीं वैद्यांनीं शंका व्यक्त केली.

वाचकांनीं या शंकेपाशीं क्षणभर थांबावें. कान उघडला, पण त्यामागून वाचा आपोआप आली नाहीं. याचा अर्थ कान आणि भाषा या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. कान हें भाषेचें एक दार. भाषा आंत नांदते ती दुसऱ्याच ठिकाणीं, आणि तेथें पोंचावयास मुदत असते. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2002 साली मेंदूच्या प्रतिसादांवरून दाखविलें कीं साडेतीन वर्षांच्या आंत यंत्र बसल्यास श्रवणाचे मार्ग बहुधा नीट वाढतात. सात वर्षांनंतर बसल्यास तशी आशा फार थोडी. म्हणजे आजीचें 'थांबा थोडकसं' हें वाक्य, किती प्रेमानें उच्चारलेलें असलें तरी, त्या मुलाच्या आयुष्यांतील सर्वांत महागडें वाक्य होतें.

परंतु थांबविणारी केवळ आजीच होती काय? हात पदराखालीं घ्या म्हणून सांगणें हेंही एक प्रकारें थांबविणेंच नव्हे काय? आजीनें आवाजाची वाट पाहिली. उपचारानेंही आवाजाचीच वाट पाहावयास सांगितलें. मधल्या काळांत मुलापाशीं भाषा म्हणावी अशी कोणतीच वस्तु राहिली नाहीं. चार वर्षांच्या ऐकत्या मुलास पाणी मागतां येतें हें त्याच्या भाषेचें फार लहान अंग होय. त्यास काल आणि उद्यां कळतात, 'कां?' विचारून तें घर हैराण करतें. खोटें बोलतां येतें आणि तें खोटें आहे हेंही कळतें. आजोबा गेले म्हणजे कोठें गेले हें विचारतां येतें. ज्याच्यापाशीं आंगठा ओठांशीं नेण्यासारख्या दहापांच खुणा आहेत त्यास तहान सांगतां येते, पण आजोबांविषयीं कांहींच विचारतां येत नाहीं. त्याच्या लेखीं आजोबा एके दिवशीं नाहींसे झाले, एवढेंच. मुकेपणाचें खरें दुःख आवाज नसण्यांत नाहीं. प्रश्न मनांत येऊन तो धरावयास शब्द नसण्यांत आहे.

कोणी म्हणेल, आवाजावांचून शब्द कसला? या समजुतीचा निरास होऊन साठांहून अधिक वर्षें झालीं. 1960 साली विल्यम स्टोको यांनीं अमेरिकेंतील बहिऱ्यांच्या हस्तसंकेतांचा अभ्यास करून दाखविलें कीं ती निव्वळ नकला नसून स्वतःची घडण आणि नियम असलेली भाषा आहे. त्याहून बोलका दाखला निकाराग्वा देशाचा. तेथें 1977 नंतर राजधानींत बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवूं पाहत होते, आणि त्यांत यश बेताचेंच होतें. पण एकत्र जमलेल्या मुलांनीं खेळाच्या मैदानांत आपापल्या घरगुती खुणा एकमेकांत मिसळल्या. मागून आलेल्या लहान मुलांनीं त्यांना व्याकरण दिलें. आणि थोड्याच वर्षांत कोणीही न शिकविलेली एक नवी भाषा जन्मास आली. मनुष्यास कंठ नसला तरी चालेल. भाषेवांचून मात्र त्याचें चालत नाहीं, आणि सोबती मिळाले तर ती तो हातांतून उगवून घेतो.

तरीही जगानें दीर्घ काळ त्या हातांना बांधून ठेवलें. 1880 साली मिलान येथें बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून वाणीचीच पद्धति असावी, संकेतांची नको, असा ठराव झाला. मत देणाऱ्यांत स्वतः बहिरा असा मनुष्य जवळजवळ नव्हताच. 2010 साली व्हँकुव्हर येथील परिषदेनें तो ठराव नाकारला व त्याच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. मधलीं एकशें तीस वर्षें ज्यांचीं गेलीं त्यांना हा खेद ऐकूं येण्यासारखा नव्हता.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे, कारण तें पोकळ नाहीं. 2017 साली 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकांत ॲन गिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, यंत्र बसविलेल्या ज्या मुलांच्या घरीं हस्तसंकेत वापरले गेले नाहींत, त्यांचें बोलणें पुढील इयत्तांत अधिक सरस आढळलें. उलटपक्षीं 2014 सालच्या एका अभ्यासांत, बहिऱ्या आईबापांच्या पोटीं जन्मून पाळण्यापासून सांकेतिक भाषा शिकलेल्या व मग यंत्र बसविलेल्या मुलांची इंग्रजी, तशाच घरांतील ऐकत्या मुलांच्या तोडीची आढळली. पण हीं मुलें अवघीं पांच होतीं. पहिल्या अभ्यासावर असाही आक्षेप आला कीं, ज्यांचें बोलणें मागें पडतें त्यांच्याच घरीं खुणा अधिक काळ टिकतात. तेव्हां कारण कोणतें आणि कार्य कोणतें हें निश्चित होत नाहीं. म्हणजे आंकड्यांनीं हा तंटा अद्याप मिटविलेला नाहीं.

जेथें ज्ञान अपुरें असतें तेथें नीतीस एक जुना प्रश्न विचारतां येतो: आपलें चुकलें तर भोगणार कोण आणि किती? संकेत शिकविले आणि पुढें यंत्रानें उत्तम काम दिलें, तर फार तर बोलण्याची गति थोडी मंदावेल, आणि मुलाच्या हातीं एक अधिक भाषा राहील. संकेत शिकविले नाहींत आणि यंत्र मिळालें नाहीं, उशिरा मिळालें, बिघडलें, किंवा उपचारास शहरापर्यंत दर आठवड्यास येणें बापाच्या मजुरीस परवडलें नाहीं, तर मूल भाषेवांचून वाढेल. आणि ती मुदत पुनः येत नाहीं. पहिली चूक सुधारतां येते, दुसरी येत नाहीं. दोन अनिश्चितांत सुधारतां येणारी चूक पत्करणें हाच शहाणपणा, आणि दुसऱ्याच्या वतीनें निर्णय घेतांना तोच धर्म.

याच न्यायानें दुसऱ्या टोंकाचें मतही मला पटत नाहीं. बहिरेपण हें व्यंग नसून जगण्याची एक वेगळी तऱ्हा आहे; तेव्हां मूल मोठें होऊन स्वतः संमति देईपर्यंत त्याच्या कानास हात लावूं नये, असें म्हणणारे विचारवंत पाश्चात्य देशांत आहेत. त्यांच्या स्वाभिमानाविषयीं मला आदर आहे. पण अठरा वर्षें थांबणें हाही एक निर्णयच आहे, आणि तोही मुलाला न विचारतांच घेतलेला. जन्मतः बहिऱ्या असलेल्या शंभर मुलांपैकीं नव्वदांहून अधिक मुलें ऐकत्या आईबापांच्या घरीं जन्मतात. त्या घरांतील ओव्या, भांडणें, हाका यांत शिरण्याचें एक दार उघडतां येत असून तें बंद ठेवणें यास आदर म्हणतां येणार नाहीं. दोन्ही पक्ष एकाच जागीं चुकतात: दोघांनाही मुलाच्या भवितव्याची चिंता आहे, आणि दोघेही त्याचा आजचा दिवस रिकामा ठेवावयास तयार आहेत.

हा वाद आपल्या भूमीस अगदींच नवा आहे असें नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें मराठी गद्याचें माहेर. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या आठवणी तेथेंच जमवून लीळाचरित्र सिद्ध केलें. आतां 2024 सालापासून मराठी भाषेचें विद्यापीठही तेथें उभें राहत आहे. त्या पंथाची एक आठवण प्रसिद्ध आहे. केशोबास हे पंडित. त्यांचा ओढा संस्कृतांत ग्रंथरचना करण्याकडे. नागदेवाचार्यांनीं त्यांस आवरलें, तें एवढ्यासाठीं कीं, संस्कृतांत लिहिल्यानें पंथांतील म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील. आचार्यांनीं संस्कृतास हीन लेखलें नाहीं. त्यांनीं घेणाऱ्याकडे पाहिलें. ज्ञान ज्या भाषेंत घेतां येईल त्या भाषेंत तें नेणें हें देणाऱ्याचें कर्तव्य, घेणाऱ्यानें आधीं देणाऱ्याची भाषा कमवावी आणि मग ज्ञानाच्या दारीं यावें असें नव्हे. हा दंडक म्हाताऱ्यांस लागू असेल तर डोळ्यांनींच भाषा घेऊं शकणाऱ्या बालकास कां लागू नसावा? आणि 'पानी'चें काय? वऱ्हाडांत घरोघर 'मले', 'तुले' आणि 'पानी' हेंच बोलणें चालतें. त्या मुलास बोलावयाचें आहे तें आजीशीं. ज्या घरांत 'पाणी' असा उच्चार कोणीच करीत नाहीं, तेथें आईच्या तोंडचा शब्द खोडून दुसरा शिकविणें म्हणजे वीसबावीस विद्युदग्रांनीं कष्टानें जोडलेलें नातें पुनः तोडणें होय. पुस्तकी उच्चार पुढें शाळेंत येईल. तो ज्या झाडास यावयाचा तें झाड आधीं घरच्या मातींत रुजूं द्यावें.

हें सारें पुस्तकी तत्त्वज्ञान आहे, गांवखेड्यांत संकेतांची भाषा शिकविणार कोण, असा व्यवहारी आक्षेप राहतोच. आक्षेप खरा आहे, परंतु साधनें अगदींच नाहींत असें नाहीं. 2015 साली दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनाचें व शिक्षणाचें केंद्र निघालें. 2021 पर्यंत त्याच्या कोशांत दहा हजार शब्द झाले, आणि ते हातांतील फोनवर पाहतां येतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानें या भाषेस संवादाचें साधन म्हणून मान्यता दिली. नाहीं ती इच्छा. कारण खुणांची भाषा शिकणें म्हणजे मुलाच्या बोलण्याची आशा सोडणें, असें आईबापांस वाटतें आणि वाटावें असेंच त्यांना सांगितलें जातें. ज्या दिवशीं बहिरेपण कळेल त्याच दिवसापासून आईच्या हातांस खुणा, मुलाच्या कानास श्रवणयंत्र, आणि शक्य झाल्यास पुढें शस्त्रक्रिया, हीं तिन्ही एकदम सुरू झालीं पाहिजेत. एक फसलें तर दुसरें, असा त्यांचा क्रम लावूं नये.

आणि इच्छा असली म्हणजे काय होतें हें पाहावयाचें तर वऱ्हाडच्या बाहेर जावें लागत नाहीं. अचलपूर तालुक्यांतील वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं कोणी टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद आणि मूकबधिर मुलांना आश्रय दिला, आणि बापाच्या नांवाच्या जागीं स्वतःचें नांव दिलें. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथें मुलाची वाचा तपासून मग त्यास आपलें म्हटलें गेलें नाहीं. आधीं आपलें म्हटलें गेलें. भाषा कोणत्याही मुलास अशाच क्रमानें मिळते. आपण ऐकत्या तान्ह्याशीं महिनोन्‌महिने बोलतों तें त्यानें उत्तर द्यावें म्हणून नव्हे. तें आपलें आहे म्हणून. उत्तर मागाहून येतें. बहिऱ्या मुलाशीं मात्र आपण सौदा करतों: आधीं बोल, मग आम्हीं बोलूं.

त्या दिवशीं रुग्णालयांतून परततांना आजी पुनः भेटली. मीं तिला धीर करून सांगितलें कीं आतां थांबूं नका. यंत्राचें काय होईल तें होईल, पण तोंवर हातांनीं बोलत राहा, आणखी खुणा शिका, गांवांतल्या पोरांनाही शिकवा. तिनें विचारलें, "मंग बाई म्हनते हात लावू नोका, तं कोनाचं आयकू?" प्रश्न रास्त होता, आणि माझ्या शब्दास बाईंच्या शब्दाचें वजन नव्हतें. तें वजन ज्यांच्या शब्दास आहे, त्या वैद्यांनीं, उपचारकांनीं आणि शिक्षकांनीं तिला उत्तर द्यावयाचें आहे. मीं पाहिलें त्यावरून एवढेंच सांगूं शकतों कीं, त्या खोलींत हात झांकले जाईपर्यंत कोणीही मुकें नव्हतें.